खात्यातलं तिसरं नाव

रायपूरमधल्या गुढ़ियारीच्या ठोक किराणा बाजारात कुणी ‘तीन नंबरचं खातं काढ’ म्हणत नाही. पार्टीचं नाव घेतात, सोबत गावाचं नाव जोडतात आणि खातं समोर येतं. प्रोग्रामिंगमधल्या डिक्शनरीचं, मॅपचं, हॅशचं काम हेच. नाव द्या, माल घ्या. नावाला ‘की’ म्हणायचं, मालाला व्हॅल्यू. तरी नव्याने शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच: यातली तिसरी ‘की’ कशी काढू? प्रश्न अर्धाच असतो. तिसरी म्हणजे कुणाच्या रांगेतली, ते सांगायचं राहून गेलेलं असतं.

*

घोळाची सुरुवात चौकोनी कंसापासून. पायथन भाषेत लिस्टपुढे [०] लिहिलं की पहिली वस्तू मिळते. डिक्शनरीपुढे तेच [०] लिहिलं, तर पायथन शून्य नावाची ‘की’ शोधायला निघतो आणि ती नसेल तर कीएरर देऊन मोकळा होतो. नसेल तर बरं! बिल नंबर हीच ‘की’ असेल, तर [१] लिहिल्यावर एक नंबरचं बिल हातात येतं आणि लिहिणाऱ्याला वाटतं, दुसरी नोंद मिळाली. एरर आली असती तर दुरुस्त तरी झालं असतं.

रँडम मोड्यूलमधल्या चॉइसचं असंच. डिक्शनरीतून सोडतीचं नाव काढायला कुणी थेट चॉइस(डिक्शनरी) लिहितो. आत ते फक्त लांबी मोजतं, त्याखालचा एक आकडा निवडतं आणि तो चौकोनी कंसात टाकतं. कीज नावं असतील तर एरर. कीज ०, १, २ अशा आकड्यांच्या असतील तर बिनबोभाट चालतं, पण नाव मागितलेलं असताना व्हॅल्यू मिळते.

*

पायथन २ मध्ये डिक्शनरीला कीज मागितल्या की खरीखुरी लिस्ट मिळायची. तिच्यापुढे [०] लावा, काम झालं. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३ आलं आणि लिस्टच्या जागी ‘व्ह्यू’ आला, म्हणजे डिक्शनरीकडे बघायची खिडकी. तिच्यापुढे [०] लावलं की उत्तर येतं: ‘डिक्ट_कीज ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल’. जुना कोड नव्यावर आणणाऱ्या कितीतरी जणांनी हे वाक्य पाहिलं असेल.

उपाय सगळ्यांना पाठ आहेत. डिक्शनरीचं नाव ‘खाते’ असेल तर लिस्ट(खाते)[२] लिहा, म्हणजे सगळ्या कीजची नक्कल करून त्यातली एक उचला. फक्त पहिली हवी असेल तर नेक्स्ट(इटर(खाते)). यात नक्कल होत नाही. मधली कुठली हवी असेल तर इटरटूल्समधलं आयस्लाइस. यातही नक्कल होत नाही, पण चालत जावंच लागतं. शेवटची हवी असेल तर २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून डिक्शनरी उलटीही वाचता येते: नेक्स्ट(रिव्हर्स्ड(खाते)). पन्नास नोंदींच्या डिक्शनरीत यातलं काहीही लिहा, फरक कळणार नाही. पाच लाखांच्या डिक्शनरीत लूपच्या आत लिस्ट(खाते)[क्रमांक] दिसलं, तर मात्र लिहिणाऱ्याला चहाला बाहेर न्यावं आणि समजावून सांगावं.

*

मुळात पायथनच्या डिक्शनरीला क्रमच नव्हता. त्यातही २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून दर वेळी प्रोग्राम सुरू केला की शब्दांच्या कीजचा क्रम बदलायचा, आणि हे मुद्दाम केलेलं होतं. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या २८सी३ परिषदेत दोघा जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की एकाच खणात जाऊन पडतील अशा कीज निवडून फॉर्ममधून पाठवल्या तर सर्व्हर तासन्‌तास गुंगून पडतो. म्हणून खण ठरवणारा आकडा, म्हणजे हॅश, काढताना दर वेळी वेगळं मीठ घालायचं ठरलं. त्या काळात ‘पहिली की’ या शब्दांना अर्थच नव्हता. आज पहिली ती उद्या सातवी.

*

मग क्रम आला तो मागच्या दाराने. डिसेंबर २०१२ मध्ये पायथनच्या विकासकांपैकी एक, रेमंड हेटिंजर यांनी एक मांडणी सुचवली. हेतू क्रमाचा नव्हताच, मेमरी वाचवण्याचा होता.

आपल्याकडची रोजकीर्द आणि खतावणी आठवा. रोजकीर्दीत व्यवहार जसा झाला तसा ओळीने लिहायचा. नावाने शोधायचं तर खतावणी उघडायची. हेटिंजर यांनी डिक्शनरीसाठी हेच सुचवलं. पूर्वी एकच पसरट तक्ता असे: खण आठ, नोंदी तीन, तरी प्रत्येक खणाला हॅश, ‘की’ आणि व्हॅल्यू यांच्यासाठी २४ बाइट राखून ठेवलेले. एकूण १९२ बाइट, त्यातले पाच खण रिकामे. नव्या मांडणीत नोंदी एकाखाली एक, दाटीने. पसरट तक्त्यात फक्त ओळीचा आकडा, एका खणाला एक बाइट. आठ बाइट इकडचे, तीन नोंदींचे ७२ बाइट तिकडचे, मिळून ८०.

नोंदी आल्या तशा लिहिल्या जाऊ लागल्यामुळे क्रम आपोआप टिकला. डिसेंबर २०१६ च्या ३.६ आवृत्तीत हे आलं तेव्हा ‘यावर विसंबू नका’ असंच सांगितलं होतं. वर्षभरातच लोक विसंबलेही. शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये खुद्द पायथनचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांनी निकाल दिला, की क्रम राखणं हा आता भाषेचा नियम, आणि जून २०१८ च्या ३.७ पासून तो लागू झाला. माझ्या मते निर्णय बरोबर होता. वापरणारे एखाद्या गोष्टीवर विसंबून बसले की ती कागदावर आणलेली बरी.

*

आता खरा प्रश्न. नोंदी ओळीने लिहिलेल्या आहेत, तर तिसरी ‘की’ मागताच तिसरी ओळ का देत नाही?

कारण खोडाखोड. मधली नोंद डिलीट केली की ती ओळ कोरी होते, खालच्या ओळी वर सरकत नाहीत. सरकवायच्या तर पसरट तक्त्यातले आकडेही बदलावे लागतील. म्हणून तिसऱ्या ओळीवर तिसरी ‘की’ असेलच असं नाही. पहिल्या ओळीपासून कोऱ्या ओळी गाळत मोजत जायचं, एवढाच मार्ग उरतो.

याचा एक छुपा त्रास आहे. डिक्शनरी टोकनच्या रांगेसारखी वापरायची, म्हणजे पहिली ‘की’ काढा, काम करा, डिलीट करा, पुन्हा पहिली काढा. सुरुवातीला जोरात चालतं. मग वरच्या कोऱ्या ओळी वाढत जातात आणि ‘पहिली’ शोधायला दर वेळी त्या सगळ्या ओलांडाव्या लागतात. नवी नोंद येऊन तक्ता नव्याने मांडला जाईपर्यंत त्या कोऱ्या ओळी तशाच राहतात. रांगच हवी असेल तर कलेक्शन्स मोड्यूलमधला डेक घ्या. नावही हवं आणि रांगही हवी असेल तर ऑर्डर्डडिक्ट, ज्यात पुढून काढण्याची सोय आहे. साध्या डिक्शनरीचं पॉपआयटम शेवटची नोंद काढतं, पहिली नाही.

*

खोडलेल्या ओळीचं काय करायचं, यावर अख्खी घराणी पडली आहेत. पायथन ओळ कोरी ठेवतो. रस्टमधल्या इंडेक्समॅपमध्ये क्रमांक दिला की थेट ती नोंद मिळते, कारण तिथे कोरी ओळ ठेवतच नाहीत. पण मग डिलीट करताना दोनपैकी एक निवडा. स्वॅप_रिमूव्ह शेवटची नोंद उचलून मोकळ्या जागी बसवतं: झटपट, पण क्रम बिघडला. शिफ्ट_रिमूव्ह खालच्या सगळ्यांना एकेक पायरी वर घेतं: क्रम शाबूत, पण वेळखाऊ. फुकट काही नाही. ही निवड फंक्शनच्या नावातच लिहून ठेवली, हे मला इंडेक्समॅपचं आवडतं.

*

जावास्क्रिप्टची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे. सुरुवात पिनकोडपासून करू.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. ते बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी. त्यांच्या वाटणीत महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आताचं छत्तीसगड एकाच चारच्या आकड्याखाली आले. मुंबई ४००, गोवा ४०३, पुणे ४११, नागपूर ४४०, रायपूर ४९२. भोसल्यांच्या काळापासून नागपूरशी बांधलेल्या रायपूरच्या मराठी घरांना हे शेजारपण नवीन नाही.

आता गुढ़ियारीतल्या दुकानाच्या ऑर्डरी जावास्क्रिप्टच्या साध्या ऑब्जेक्टमध्ये पिनकोडनुसार भरा. आधी रायपूर ४९२००१, मग नागपूर ४४०००१, मग पुणे ४११००१. ऑब्जेक्ट.कीजची पहिली ‘की’ कोणती? पुणे. भरली सर्वांत शेवटी, आली सर्वांत पुढे. पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या कीज चढत्या क्रमाने आधी आणि बाकीच्या शब्दांच्या कीज भरल्या तशा नंतर, असा इथला नियम आहे.

‘पूर्णांकासारखी’ म्हणजे काय, यातच मजा आहे. रायपूरचा एसटीडी कोड ०७७१. पुढे शून्य आहे, म्हणून तो पूर्णांक धरला जात नाही आणि भरला त्याच जागी राहतो. नागपूरचा ०७१२, पुण्याचा ०२०, सगळे तसेच. मोबाइल नंबर तर नुसतेच आकडे, त्यांचं काय? तेही भरले त्याच क्रमाने राहतात, कारण मर्यादा ४२९४९६७२९४ पर्यंत आहे आणि आपले दहा आकडी नंबर ६, ७, ८, ९ नेच सुरू होतात. थोडक्यात, एकाच गिऱ्हाइकाचा पिनकोड ‘की’ केला तर क्रम बदलेल, मोबाइल केला तर बदलणार नाही, लँडलाइनचा कोड केला तर बदलणार नाही. आणि ४९२००१ देवनागरी आकड्यांत लिहून ‘की’ केली तर तोही नुसता शब्द, जागचा हलणार नाही.

या सगळ्यातून सुटायचं तर मॅप वापरा. २०१५ पासून भाषेत आहे आणि भरलेला क्रम तंतोतंत राखतो. ऑब्जेक्टचा हा नियम पाठ करून त्यावर प्रोग्राम उभा करणं मला पटत नाही. पुढच्या माणसाला तो पाठ असेलच कशावरून?

*

गो भाषेची तऱ्हा उलटी. मॅपवर फिरायला लागलात की सुरुवात दर वेळी वेगळ्या जागेहून. सवयच लागू नये म्हणून हे जाणूनबुजून केलं आहे. तिसरी ‘की’ हवी असेल तर कीज बाहेर काढा, स्वतः सॉर्ट करा, मग तिसरी उचला. कोड वाढतो खरा, पण कुणाच्या रांगेतली तिसरी, हे त्या सॉर्टच्या ओळीत पांढऱ्यावर काळं लिहिलेलं असतं.

*

जावात हॅशमॅपला क्रम नाही, लिंक्डहॅशमॅपला आहे. पण त्याची पहिली नोंद सरळ मागायची सोय सप्टेंबर २०२३ च्या जावा २१ पर्यंत नव्हती. पीएचपीत अ‍ॅरे पहिल्यापासून क्रमवार. तरी ‘अ‍ॅरे_की_फर्स्ट’ डिसेंबर २०१८ ला ७.३ मध्ये आलं. डॉटनेटमध्ये नेमव्हॅल्यूकलेक्शनला गेटकी आहे, त्याला क्रमांक द्या, ‘की’ घ्या. सॉर्टेडलिस्टमध्येही क्रमांकाने ‘की’ लगेच मिळते, पण तिथला क्रम सॉर्टचा, भरल्याचा नाही.

*

एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी. व्हीबीएच्या कलेक्शनमध्ये ‘की’ देऊन वस्तू मिळते, क्रमांक देऊनही मिळते. पण वस्तूवरून किंवा क्रमांकावरून ‘की’ मिळत नाही, कधीच. एकदा आत गेली की गेली. ‘की’ परत हवी असेल तर स्क्रिप्टिंग.डिक्शनरी घ्या, तिच्या कीज अ‍ॅरेत मिळतात. कलेक्शनचं मोजणं १ पासून, त्या अ‍ॅरेचं ० पासून. दोन्ही एकाच शीटमध्ये वापरलेली दिसली तर कोणता आकडा कुठला, ते शेजारी लिहून ठेवा.

*

नावानेही झटपट आणि क्रमांकानेही झटपट, असं काही आहे का? आहे. झाडाच्या प्रत्येक फांदीवर खाली किती नोंदी आहेत ते लिहून ठेवायचं. हजारावी हवी असेल तर डावीकडे सातशे आहेत हे वाचून सरळ उजवीकडे वळायचं. रेडिसच्या सॉर्टेड सेटमध्ये झाडाऐवजी स्किप लिस्ट आहे आणि तिच्या प्रत्येक दुव्यावर किती नोंदी ओलांडल्या ते लिहिलेलं असतं. गुणतक्त्यात ‘वरून पाचवा कोण’ याचं उत्तर म्हणून तिथे लगेच मिळतं. किंमत एवढीच, की प्रत्येक नोंद भरताना आणि काढताना वाटेतले हे आकडे बदलत जावे लागतात.

*

क्रमांकाने ‘की’ मागण्याचं रोजचं कारण म्हणजे पानं पाडणं. पहिली वीस नावं एका पानावर, मग एकविसाव्यापासून पुढचं पान. दरम्यान पहिल्या पानावरचं एक खातं कुणी बंद केलं तर एकविसावं विसावं होतं आणि पुढच्या पानावर येतच नाही. गिऱ्हाईक सांगतं, आमचं नावच दिसत नाही. उपाय साधा: क्रमांक लक्षात ठेवू नका, पानावरची शेवटची ‘की’ लक्षात ठेवा आणि तिच्यापुढची वीस मागा. म्हणजे फिरून नावावरच आलो. गुढ़ियारीचा व्यापारी तेच करत होता.

*

जेसनच्या मानकात ऑब्जेक्ट म्हणजे क्रम नसलेला संच, असं साफ लिहिलेलं आहे. तरी पायथन वाचताना क्रम राखतो आणि गो मॅप लिहिताना कीज सॉर्ट करून लिहितो. पोस्टग्रेसच्या जेसनबी प्रकारात भरलेला क्रम राहत नाही. आखूड कीज आधी, लांब नंतर. म्हणजे एकच माहिती तीन ठिकाणांहून फिरून आली तर तिसरी ‘की’ तीनदा वेगळी असू शकते. क्रम महत्त्वाचा असेल तर अ‍ॅरे पाठवा.

*

आणि शेवटी खुद्द गुढ़ियारी.

हिंदी कीबोर्डवर ढ़ हे एकच अक्षर असू शकतं किंवा ढ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन. पडद्यावर फरक शून्य. पायथनला लांबी विचारा: एकाची ८, दुसऱ्याची ९. आपण मराठी माणसं नुक्ता न देता गुढियारी लिहितो. त्याचीही लांबी ८, पण ती तिसरीच ‘की’. एका वस्तीची तीन खाती. नावाने शोधत राहिलात तर हे कधी कळणार नाही, प्रत्येक खातं आपापल्या नावाने इमानदारीत सापडतं. कीज एकाखाली एक छापल्या की दिसतं.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन लावलं की पहिली दोन एक होतात. ढ़ चं तिथे ढ आणि नुक्ता असं विघटन होतं. आपल्या ऱ चं मात्र उलट होतं, र आणि नुक्ता जोडून एक अक्षर बनतं. पण कऱ्हाड हा शब्द कुणी र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर वापरून लिहिला असेल, तर तो एनएफसीने जुळत नाही. ‘ॲडव्हान्स’ खात्याचंही तसंच. ॲ हे एक अक्षर आणि अ वर चंद्र ही दोन अक्षरं युनिकोडच्या लेखी वेगळीच राहतात. गंमत म्हणजे पायथन ३ मध्ये गुढ़ियारी हे व्हेरिएबलचं नाव ठेवलं, तर दोन्ही प्रकारे लिहिलेलं एकच धरलं जातं, कारण व्हेरिएबलची नावं तो स्वतः नॉर्मलाइज करतो. कीज करत नाही. ते आपण करायचं.

ज्यांच्याकडे गावांच्या किंवा पार्ट्यांच्या नावांची डिक्शनरी आहे, त्यांनी एकदा सगळ्या कीज सॉर्ट करून, प्रत्येकीची लांबी शेजारी लिहून, छापून बघाव्यात. ड़, ढ़, ऱ आणि ॲ असलेल्या ओळी आधी तपासा.